खरे वजन

सत्कार-समारंभ हा आपल्या मराठी मुलुखातला बारमाही सण आहे. दिवाळी वर्षातून एकदा येते. सत्काराला मुहूर्त लागत नाही. पन्नाशी, साठी, पंचाहत्तरी, निवृत्ती, ग्रंथप्रकाशन, परदेशगमन, परदेशाहून परत येणे, यांपैकी काहीही निमित्ताला पुरते. एक शाल, एक श्रीफळ, एक हार, समोर शंभरएक खुर्च्या आणि त्यांतल्या निम्म्यांवर माणसे एवढी सामग्री जमली की काम भागते. या सोहळ्यातला सर्वांत ठरलेला भाग म्हणजे सत्कारमूर्तींचे उत्तराचे भाषण. 'मी एक सामान्य माणूस आहे, या सत्काराला मी मुळीच पात्र नाही' येथपर्यंत गाडी आली की पुढचे श्रोते मनातल्या मनात पुरे करतात. अशी भाषणे मी पुष्कळ ऐकली आहेत. परंतु समोरून कोणी उठून 'अगदी खरे बोललात!' असे म्हटल्याचे अद्याप ऐकलेले नाही. तसे कोणी म्हटलेच, तर सत्कारमूर्तींच्या नम्रतेचे पुढे काय होईल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी आहे खरी, पण तिच्या मुळाशी एक प्रश्न आहे. नम्रता आणि गौरव यांचा आपण एक व्यवहार करून टाकला आहे. एकाने वाकायचे, इतरांनी त्याला उचलायचे. जो जितका खाली वाकेल तितका तो वर चढेल. म्हणजे वाकणे ही आगाऊ भरलेली रक्कम आणि गौरव हे तिचे व्याज! या दोहोंचे याहून काही निराळे नाते असू शकेल काय?

ख्रिस्ती धर्माने या प्रश्नाला दिलेले उत्तर फार दिवस माझ्या मनात घोळत आहे. मी ख्रिस्ती नाही. मराठी शिकवणारा माणूस; त्यामुळे मी त्या मंदिरात दाराने शिरलो नाही, शब्दांच्या खिडकीतून आत डोकावलो. तेव्हा आरंभही शब्दांपासूनच करतो.

'गौरव' हा शब्द आला 'गुरु' या शब्दावरून आणि 'गुरु' याचा मूळ अर्थ जड. छंदशास्त्रातले लघु-गुरू घ्या, नाही तर शास्त्राच्या पुस्तकातले गुरुत्वाकर्षण घ्या, अर्थ तोच. म्हणजे गौरव याचा पहिला अर्थ वजन. आपण बोलतानाही 'वजनदार माणूस' म्हणतोच की! आता गंमत पाहा. ज्यू लोकांच्या हिब्रू धर्मग्रंथांत देवाच्या महिम्याला जो शब्द आहे तो 'काबोद', आणि त्याच्याही धातूचा अर्थ जड असणे हाच. हिब्रूत यकृताचे नावही याच धातूपासून झाले आहे. कारण पोटातला तो जड अवयव. संस्कृत आणि हिब्रू या भाषांचा एकमेकींशी काही नातेसंबंध नाही. तरी दोघींनाही थोरवीसाठी वजनच सुचले.

ग्रीकांचा शब्द मात्र वेगळ्या घराण्यातला. त्यांचा 'डोक्सा' हा 'वाटणे' या अर्थाच्या क्रियापदापासून आला. लोकांना आपल्याविषयी जे वाटते ते डोक्सा. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे: लौकिक. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून ज्यू पंडित आपले धर्मग्रंथ ग्रीक भाषेत आणू लागले, तेव्हा 'काबोद'साठी त्यांनी हाच 'डोक्सा' योजला. लौकिकाच्या भांड्यात त्यांनी वजन ओतले म्हणा ना! ख्रिस्ती लोकांचा नवा करार लिहिला गेला तो ग्रीकमध्ये आणि हा शब्द त्यात पानोपानी येतो. त्यामुळे प्रत्येक ठिकाणी वाचकाला थांबून विचारावे लागते, हा जो गौरव म्हणताहेत तो लौकिक की वजन?

आणि नम्रता? 'नम्' म्हणजे वाकणे. इंग्रजीतला 'ह्युमिलिटी' हा शब्द ज्या लॅटिन कुळातला, त्याच कुळात माती या अर्थाचा शब्द आहे. दोन्ही शब्दांची नजर जमिनीकडे. आता तराजू डोळ्यांसमोर आणा. जड पारडे कोणीकडे जाते? खाली. वर जाते ते हलके. गौरव आणि नम्रता यांची दिशा एकच असली पाहिजे, अशी शंका शब्दच मनात उभी करतात. परंतु शब्दांनी काही सिद्ध होत नाही. त्यासाठी शुभवर्तमानातल्या गोष्टींकडे वळले पाहिजे.

मार्काच्या शुभवर्तमानात एक प्रसंग आहे. येशू आपल्या शिष्यांना घेऊन यरुशलेमेकडे निघाला आहे आणि तेथे आपला छळ होईल, आपण मारले जाऊ, असे त्याने नुकतेच सांगितले आहे. एवढे ऐकून याकोब आणि योहान हे दोघे भाऊ पुढे होतात आणि मागणे मागतात की, तुमच्या गौरवात आम्हां दोघांपैकी एकाला उजवीकडे नि एकाला डावीकडे बसवा. व्यासपीठावरच्या खुर्च्यांची चौकशी ही इतकी जुनी आहे! बाकीचे दहाजण रागावतात; ते का, हे सांगायला नको. येशू त्यांना समजावतो की, इतर राष्ट्रांचे अधिपती लोकांवर सत्ता गाजवतात, पण तुमच्यात जो मोठा होऊ पाहील त्याने सेवक झाले पाहिजे. हा उपदेश सर्वांच्या कानांवरून गेलेला असतो. परंतु मार्काने पुढे काय केले आहे ते सहसा ध्यानात येत नाही. येशूला वधस्तंभावर देतात त्या वर्णनात तो मुद्दाम सांगतो की, एक लुटारू त्याच्या उजवीकडे होता आणि एक डावीकडे. ज्या दोन जागांसाठी दोघा भावांनी शब्द टाकला होता, त्या जागा अखेर दोन चोरांना मिळाल्या! मार्क यावर भाष्य करीत नाही. मात्र गौरवाचे आसन कोणते, हे त्याने दाखवून दिले आहे.

दुसरा प्रसंग योहानाच्या शुभवर्तमानातला, तेराव्या अध्यायातला. शेवटचे भोजन चालू आहे. त्या काळी त्या देशात पाहुणे रेलून जेवत. रस्ते धुळीचे, पायांत नुसत्या वहाणा. घरी आलेल्याचे पाय धुणे हे काम दासाचे. येशू जेवणावरून उठतो, अंगावरचे वस्त्र काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओततो आणि एकेका शिष्याचे पाय धुऊ लागतो. आपल्याला पाय धुण्याची चाल परकी नाही. लग्नात जावयाचे पाय धुतात, गुरूंची पाद्यपूजा करतात. पण तेथे धाकटा थोरल्याचे पाय धुतो. सुदाम्याचे पाय धुणारा कृष्णही आपण ऐकला आहे. तो मात्र मित्राचे धुतो. येथे गुरू शिष्यांचे पाय धुतो आणि त्या शिष्यांत यहूदाही आहे. हा आपल्याला शत्रूच्या हाती देणार, हे येशूला ठाऊक आहे आणि तरी त्याचे पाय वगळलेले नाहीत.

पेत्र पाय मागे घेतो. त्याचा हा संकोच मला फार खरा वाटतो. मोठा माणूस खाली बसला, की आपण जी शिडी चढत आलो ती शिडीच डळमळू लागते. गुरूच जर जमिनीवर, तर आपण कोठे बसायचे?

या अध्यायात दोन गोष्टी माझ्यासारख्या शब्द चाळणाऱ्याला थांबवतात. पहिली अशी की, येशू उठला तो स्वतःला क्षुद्र मानून उठला, असे योहान म्हणत नाही. उलट, सारे काही आपल्या हाती सोपवलेले आहे, आपण देवाकडून आलो नि देवाकडेच जाणार, हे पुरते जाणून तो उठला, असे तो सांगतो. पाय धुऊन झाल्यावर वस्त्र चढवून तो पुन्हा आसनावर बसतो आणि म्हणतो की, तुम्ही मला गुरू नि प्रभू म्हणता ते योग्यच आहे, मी तोच आहे. 'मी एक सामान्य माणूस' हे वाक्य त्याच्या तोंडी नाही. ज्याला आपले वजन ठाऊक आहे, त्याला खाली बसताना ते कमी होईल अशी भीती वाटत नाही. ज्याला ते ठाऊक नाही, तोच दुसऱ्यांच्या डोळ्यांत ते पुन्हा पुन्हा तपासून पाहतो.

दुसरी गोष्ट याहून नवलाची. यहूदा उठून बाहेर रात्रीच्या अंधारात निघून जातो. आता अटक, छळ आणि मरण हे अटळ झाले. नेमक्या त्या क्षणी येशू म्हणतो की, आता मनुष्याच्या पुत्राचा गौरव झाला. पुढे पुनरुत्थान व्हायचे आहे, तेव्हा गौरव होईल, असे त्याने म्हटले असते तर ते समजले असते. पण तो 'आता' म्हणतो. म्हणजे खाली उतरणे हा गौरवाच्या वाटेवरचा एक कष्टाचा टप्पा नव्हे. ते उतरणे हाच गौरव.

हे त्या काळच्या जगाला किती विचित्र वाटले असेल, ते समजण्यासाठी फिलिप्पै गावी जायला हवे. ग्रीस देशाच्या उत्तरेकडचे हे गाव. इ. स. पू. ४२ मध्ये ब्रूटस आणि कॅशियस यांचा पराभव झाला तो येथेच. विजयानंतर तेथे रोमन सैनिकांना जमिनी देऊन वसवले आणि गावाला रोमन वसाहतीचा मान मिळाला. तेव्हा गावात दर्जाची, पदव्यांची, नागरिकत्वाची केवढी ऐट असेल! तेथल्या ख्रिस्ती मंडळीला पौल पत्र लिहितो, तेही तुरुंगातून. त्यात तो सांगतो की, ख्रिस्त देवाच्या स्वरूपात असूनही त्या पदाला चिकटून राहिला नाही. त्याने स्वतःला रिते केले, दासाचे रूप घेतले, आणि मरण, तेही वधस्तंभावरचे, पत्करले. वधस्तंभ ही गुलामांची आणि बंडखोरांची शिक्षा. रोमन नागरिकाला सहसा ती देत नसत. इ. स. पू. ७१ मध्ये स्पार्टाकसचे गुलामांचे बंड मोडले, तेव्हा कापुआपासून रोमपर्यंतच्या रस्त्यावर सहा हजार गुलामांना वधस्तंभावर टांगले होते. अशा खुंटीला पौल गौरव टांगतो आहे! ग्रीक भाषेत 'नम्र' या अर्थी जो शब्द पौलापाशी होता, त्यालाही हलकेपणाचा, हुजरेपणाचाच वास होता. त्या शब्दाला सद्गुणाच्या पंक्तीला बसवण्याचे श्रेय बरेचसे या लोकांचे.

मात्र पंक्तीला बसवले म्हणजे पचले असे नव्हे. पुढच्या इतिहासात ख्रिस्ती राजांनी नि धर्माधिकाऱ्यांनी गौरव पुष्कळ वेळा लौकिकाच्याच मापाने मोजला. पाय धुण्याचाही सोहळा झाला. इंग्लंडचे राजे गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी गरिबांचे पाय धूत असत. सतराव्या शतकाच्या अखेरीअखेरीस ती चाल बंद पडली. आजही त्या दिवशी राजा वृद्धांना चांदीची नाणी वाटतो. राजाच्या वयाची जितकी वर्षे तितके पुरुष आणि तितक्याच स्त्रिया. पाय गेले, नाणी राहिली. आणि सोहळ्यातून मूळ गोष्ट पुन्हा बाहेर काढणारेही अधूनमधून निघतात. २०१३ साली पोप फ्रान्सिस निवडून आल्यावर थोड्याच दिवसांत रोममधल्या अल्पवयीन कैद्यांच्या तुरुंगात गेले आणि बारा जणांचे पाय त्यांनी धुतले. त्यांत मुली होत्या, मुसलमान होते. विधीप्रमाणे पाय पुरुषांचेच धुवायचे, असा आक्षेप निघाला. २०१६ मध्ये विधीचा नियमच बदलला.

पण मला जो दाखला सर्वांत जवळचा वाटतो तो रोमचा नाही, पुणे-सोलापूर लोहमार्गावरच्या केडगावचा आहे.

पंडिता रमाबाई १८७८ साली कलकत्त्यास पोचल्या, तेव्हा वीस वर्षांच्या होत्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीला संस्कृत शिकवले, आणि त्या आईने मुलीला. आईवडील दुष्काळात गेले. कलकत्त्याच्या विद्वानांनी या मुलीची परीक्षा घेऊन तिला 'पंडिता' म्हटले आणि 'सरस्वती' ही पदवी दिली. १८८२ मध्ये पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज काढला, तेव्हा त्यांचे केवढे कौतुक झाले! पुढे इंग्लंडमध्ये १८८३ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तेथे समाजाने टाकलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या भगिनी त्यांनी पाहिल्या. हे तुम्ही का करता, असे विचारल्यावर त्यांना येशूची आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. शास्त्रार्थात न हरणारी ही विदुषी त्या गोष्टीपाशी थांबली.

परत आल्यावर १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. ते पुढल्या वर्षी पुण्यात आले. मग १८९३ चा धर्मांतराचा वाद उठला, रानडे-भांडारकरांसारखे साह्यकर्ते दूर झाले आणि ज्या पुण्याने डोक्यावर घेतले होते त्यानेच पाठ फिरवली. त्या वादात कोणाचे किती चुकले, हा आजचा विषय नाही. एवढे मात्र दिसते की, लौकिक गेला. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासाने मरणाच्या दारी पोचलेल्या मुलींना व बायकांना घेऊन आल्या. केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले. शेती, विणकाम, छापखाना, आंधळ्यांना शिक्षण, सारे तेथे सुरू झाले.

आणि आयुष्याच्या अखेरच्या पर्वात या 'सरस्वती'ने हाती काय घेतले? बायबलाचे मराठी भाषांतर. त्यासाठी त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला. उपलब्ध भाषांतरांचे मराठी त्यांना जड वाटे. आपल्या मुलींना, खेड्यातल्या अल्पशिक्षित बाईला समजेल असे मराठी त्यांना हवे होते. ज्यांच्या जिभेवर हजारो संस्कृत श्लोक होते, त्यांनी वर्षानुवर्षे बसून आपल्या लेखणीतून संस्कृत गाळून काढले. मुक्ती सदनातल्या मुलींनीच त्याचे खिळे जुळवले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. त्याआधी भाषांतर हातावेगळे झाले होते. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला.

मराठीच्या अध्यापकाला या गोष्टीचे मोल निराळे सांगायला नको. विद्वानाला कठीण लिहिणे सोपे असते. सोपे लिहायचे म्हणजे आपली विद्वत्ता वाचकाला दिसणार नाही अशा जागी ठेवायची. तिच्यावाचून काम तर होत नाही आणि ती दिसताही कामा नये! कमरेला रुमाल बांधणे म्हणतात ते हेच. कलकत्त्याच्या सभेत मिळाला तो लौकिक होता. केडगावात जे झाले त्याला मी गौरव म्हणेन.

मात्र रमाबाईंना 'गरीब गाय' समजू नका. इंग्लंडमध्ये असताना चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, याविषयी बिशपांनी नापसंती दर्शवली, तेव्हा या बाईंनी त्यांना स्पष्ट शब्दांत विरोध केला. धर्ममताच्या बाबतीत माझी सदसद्विवेकबुद्धी मी कोणाकडे गहाण टाकलेली नाही, हीच त्यांची भूमिका होती. वरच्यापुढे ताठ आणि खालच्यापुढे ओणवे, असा हा कणा. आपला बहुतेकांचा नेमका उलटा असतो.

लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण आणखी वेगळे. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रां'त या बाई स्वतःच्या फजितीच्या, अडाणीपणाच्या, सोवळ्याओवळ्याच्या गोष्टी अशा सांगतात की, हसता हसता पुरेवाट होते. त्या स्वतःला लहान म्हणवून घेत नाहीत, मोठेही म्हणवून घेत नाहीत. त्यांनी माप घेणेच सोडून दिले आहे. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंनी रेव्हरंड टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुढे लिहून पुरे केले.

एक गोष्ट सांगितल्यावाचून हा विषय संपवणे बरे नव्हे. नम्रतेसारखे सोन्याचे भांडेही विष द्यायला वापरता येते. अमेरिकेत गुलामांचे मालक गुलामांना बायबल दाखवूनच आज्ञाधारकपणा शिकवीत. आपल्याकडे सुनांना, विधवांना, तथाकथित खालच्या जातींना नम्रतेचे पाठ देणारे कधी कमी नव्हते. पण शुभवर्तमानात पाय कोणी धुतले ते पाहा. आसनावर बसलेला उठला आहे. त्याने दासाला बोलावून 'नम्रपणे धू' असे सांगितलेले नाही. नम्रता हा ज्याच्यापाशी काही आहे त्याने स्वतःला घालून घ्यायचा नियम आहे. दुसऱ्याला घालून दिला की त्याचा जुलूम होतो.

दिवाळी आली आहे. पहाटे सर्वांआधी उठून पाणी तापवणारे, एकेकाला तेल-उटणे लावणारे आणि स्वतः सर्वांच्या मागून न्हाणारे एक माणूस बहुतेक घरांत असते. लक्ष्मीपूजनाच्या रात्री पाहुणे गेल्यावर बशा गोळा करणारेही बहुधा तेच असते. आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच रस्त्यावरचा फटाक्यांचा कचरा लोटायला जो येतो, त्याचे नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असते? या मंडळींना हा लेख वाचून दाखवू नये, अशी माझी विनंती आहे. त्यांचा अभ्यास झालेला आहे. तो आपल्यापैकी ज्यांना बसल्या जागी फराळाचे ताट येते त्यांच्यासाठी आहे. यंदा एखादे दिवशी त्यांनी आधी उठावे आणि तेलाची वाटी हाती घ्यावी. ओणवे होताना पाठ थोडी कुरकुरेल. त्या वेळी, हे करताना आपल्याला कोणी पाहत तर नाही ना, असा संकोच वाटला, किंवा कोणी पाहत का नाही अशी हुरहुर लागली, तर आपण अजून लौकिकाच्याच तराजूत उभे आहोत असे समजावे, आणि तेल लावणे चालू ठेवावे.